सुभद्राबाईचा डबा

हे मी आजपर्यंत कोणाले सांगितलं नाही, बायकोलेही नाही. गावाचं नाव लिहू नका, ठाण्याचंही नको. गोंदिया जिल्हा वेगळा झाला त्याच्या आगेमागेच बाप वारला आणि गावची पोलीस पाटीलकी माझ्याकडे आली. घरची धानाची शेती, तळ्याची पाळ आमच्याच आजोबाच्या हातची, म्हणून गावात मान. पण मान म्हणजे काय सांगू तुम्हाले, वरून ठाणं, खालून गाव, आणि मधात मी.

तेव्हा राईस मिलची मोटर चोरीले गेली. तिथं प्रल्हाद हमाली करे, बौद्ध मोहल्ल्यातला. त्याले पोलिसांनी भरदुपारी धानाच्या बांधीतून उचललं, पूछताछ आहे म्हणून. त्याची माय सुभद्राबाई, विधवा, हा एकच पोट्टा, ती माझ्या अंगणात येऊन उभी राहिली. अंगणातच, कारण ते लोक आमच्या ओट्यावर चढत नव्हते आणि आम्ही त्यांच्याकडचं पाणी पीत नव्हतो. तेव्हा त्याचं मले काही वाटे नाही. म्हणे, पाटील, मोहल्ल्यातले चार माणसं घेऊन ठाण्यात जाऊ का? मी म्हणलो, कायले जातेस बाई, साहेब चिडतील, मी आहो ना. मग हा डबा तरी पोचवा, म्हणे, उपाशी असंन.

ठाण्याच्या फाटकाजवळ जमादार बसून होता. डबा पाहून म्हणे, किसका है? प्रल्हादचा, म्हणलो. यहाँ कोई प्रल्हाद नहीं है पाटील, कोई आया ही नहीं. आणि त्याच्या मागं, कोठडीच्या दाराशी, प्रल्हादच्या चपला मले दिसून राहिल्या होत्या. म्हणजे नोंदच केली नव्हती. घरवालों को बोल चुप बैठें, म्हणे, भीड़ आई तो केस ठोक दूँगा, और तुम्हारी पाटीलकी भी तो नई-नई है ना?

आता भरला डबा परत नेला असता तर तिनं विचारलं असतं, आणि सारा मोहल्ला ठाण्यावर गेला असता. तळ्याच्या पाळीवर सायकल लावली. फेकायलेच बसलो होतो, पण धान पिकवणाऱ्याच्या हातून भात फेकवत नाही. भात, लाखोरीची डाळ, वांग्याची भाजी. खाल्लं. जिच्या घरचं पाणी पीत नव्हतो तिचा डबा पुसून खाल्ला, तळ्यात धुतला, नेऊन दिला. जेवला का पाटील? सारा जेवला, म्हणलो. तिनं झाकण उघडून पाहिलं, म्हणे, वांगं तर शिवत नाही तो, भूक लागली असंन माझ्या बाबूले. दुसऱ्या दिवशी तिनं मासोळी रांधून दिली. तीही मीच खाल्ली.

आणि मले माहीत होतं हो. पाटीलकीच्या ट्रेनिंगमधी शिकवलं होतं, माणूस धरला तर कायले धरला ते सांगावं लागते, घरच्यांले कळवावं लागते, चोवीस तासांच्या आत कोर्टासमोर उभा करावा लागते. माय फाटकात बसली असती तर कोणी आलंच नाही असं त्यांले म्हणता आलं नसतं. माझ्या रिकाम्या डब्यानं तिले घरी बसवलं.

तिसऱ्या दिवशी मोटर मिलमालकाच्या साळ्याकडेच सापडली. प्रल्हादले सोडलं. मीच त्याले सायकलच्या कॅरिअरवर बसवून आणला. रस्त्यानं एकच बोलला, जमादार म्हणे तुझी माय विचारायलेही आली नाही. मी पायडल मारत राहिलो. सुभद्राबाई दारातच होती. डबा पोचून राहिला होता ना रे बाबू? पाटील रोज नेत होते. प्रल्हादनं माझ्याकडे पाहिलं. पोचत होता, म्हणला. वांगंही खाल्लंस म्हणे? खाल्लो माय. ती मले म्हणे, पाटील, तुमचे लेकरं सुखी राहोत, थांबा, चहा घेऊन जा. राहू दे, म्हणलो, आणि निघालो.

तेव्हापासून प्रल्हादले डाव्या कानानं ऐकू येत नाही.

आता कोणाचं माणूस उचललं आणि घरचे माझ्याकडे आले, तर मी सांगतो, घरी बसू नका. दोघं-तिघं मिळून जा. कोणत्या गुन्ह्यात धरला ते विचारा, नाही सांगितलं तर तिथंच बसून राहा. पैसे नसले तर कोर्टात फुकट वकील मिळते, त्याले गाठा. मारलं असंन तर डॉक्टरची तपासणी मागा. कोऱ्या कागदावर सही करू नका. आणि डबा आपल्या हातानं न्या, माझ्यासारख्या मधल्या माणसाच्या हाती देऊ नका.

सुभद्राबाई गेली, मले दुवा देतच गेली. प्रल्हाद भेटला की जय भीम पाटील म्हणते, जास्त नाही, कमी नाही. एकदा आमगावच्या बाजारात मी त्याले म्हणलो, मायचा डबा मी खाल्लो होतो. पण डाव्या बाजूले उभा राहून म्हणलो, जाणून. तो वळला, काय म्हणलं पाटील? काही नाही, म्हणलो, भाजी महाग होऊन राहिली.

त्याच्या घरी जाऊन, पाणी मागून पिऊन, उजव्या कानात ते सांगणं माझ्यावर बाकी आहे.