दात असलेला पक्षी

(शहापूरकडची एक खासगी शाळा. मुख्याध्यापिका मंदाबाईंच्या खोलीत संस्थेचे सचिव योगेंद्र आणि दहावीला विज्ञान शिकवणाऱ्या रीता.)

योगेंद्र: पाहुण्यायच्या भाषणात उभं राहून ओरडल्या तुमी, रीता मॅडम! अख्ख्या शाळेसमोर!

रीता: आधी हात वर केला, सर. त्यांनी पाहिलं नाही, म्हणून मोठ्यानं बोलले.

योगेंद्र: काय बोलल्या?

रीता: की हे खरं नाही. सगळे जीवाश्म एकाच महापुरात गाडले गेले, एका जातीतून दुसरी होतानाचा मधला प्राणी कुठंच सापडला नाही, असं सांगून राहिले होते ते. मी दहावीला नेमकं उलटं शिकवलं. पोरं माझ्याकडे पाहत होती.

योगेंद्र: मंग पाहू द्या ना! तो माणूस आपल्याले प्रयोगशाळा बांधून देऊन राहिला होता.

मंदाबाई: हळू, योगेंद्रजी. वर्ग चालू आहेत.

योगेंद्र: हळू कायले, बाई? सकाळीच फोन आला त्यायचा. म्हणे, देव न मानणारे लोक ठेवले काय शाळेत?

रीता: मी रोज तुळशीपाशी दिवा लावते. देव नाही असं मी कधी म्हटलं?

योगेंद्र: मंग भांडण कायचं हाये? डोळाच घ्या. एवढा बारीक कारभार, कोणी बनवल्याबिगर बनला?

रीता: थोडा थोडा बनत गेला. आधी नुसता उजेड-अंधार कळणारा ठिपका. तसे जीव आजही आहेत. ज्याला जरा जास्त दिसलं तो वाचला, त्याची पिल्लं वाचली.

योगेंद्र: आन् हे तुमाले दगडायनं सांगतलं?

रीता: दगडांनीही. एकाच पुरात सारं गेलं असतं तर माणूस, मासा सगळे एकाच थरात सापडले असते. तसं नाही सापडत.

योगेंद्र: मले परीक्षा नाही द्यायची. उद्या प्रार्थनेत माफी मागा. नाही तं तुमच्या कायम होण्याच्या कागदावर माही सही होत नाही.

रीता: मधात बोलले त्याची मागते. जे बोलले त्याची नाही.

योगेंद्र: पाहा बाई, कशा अडून राहिल्या!

मंदाबाई: तुम्ही तेव्हा हॉलमध्ये नव्हता.

योगेंद्र: जेवणाचं पाहून राहिलो होतो. काहून?

मंदाबाई: रीता, का उठलीस ते सांग त्यांना.

रीता: नको, बाई.

मंदाबाई: मग मी सांगते. एका मुलीनं प्रश्न विचारला. पाहुणे म्हणाले, तुझी आजी झाडावर राहत होती काय गं? सगळा हॉल हसला. पोरगी तशीच उभी. बस म्हणायचंही कोणाला सुचलं नाही. मलाही नाही. मग ही उठली.

योगेंद्र: कोणाची पोरगी?

रीता: आहे दहावीतली एक.

मंदाबाई: रुचिता. तुमची.

योगेंद्र: घरी तं काही बोलली नाही ते. डोकं दुखते म्हणे. जेवली बी नाही.

रीता: मला म्हणाली, बाबाले सांगू नका, त्यायचे पाहुणे हायेत.

योगेंद्र: माही माय गेल्या पोळ्याले गेली, मॅडम. तिच्याच मांडीवर मोठी झाली रुचिता.

मंदाबाई: पाणी घ्या.

योगेंद्र: नको. माफीचं राहू द्या. प्रयोगशाळेचं... जाऊ द्या, पाहतो मी.

रीता: सर...

योगेंद्र: विचारलं काय होतं तिनं?

रीता: अंगावर पिसं आणि तोंडात दात, असा पक्षी दगडात सापडला आहे. तो सरपटणारे प्राणी आणि पक्षी यांच्या मधला नाही का, असं.

योगेंद्र: बसा, मॅडम. मले समजंल असं सांगा. संध्याकाळी तिच्याशी बोला लागंल.