फवारणीची आगाऊ सूचना

तपासनीस : एक्केचाळीस? आजोबा, झाडं बावीस आणि वर्षभरात फवारण्या एक्केचाळीस?

बागवाले : कीड चिवट आहे, बाई.

तपासनीस : आणि कीटकनाशकाचा डबा घेतलात एकच. दुकानदाराची वहीही आमच्याकडे येते म्हटलं.

बागवाले : जपून वापरतो.

तपासनीस : इतकं जपून, की काल तुमच्या शेडमध्ये बघितलं तर डब्याचं सीलसुद्धा तुटलेलं नाही! पंपात भरता काय?

बागवाले : ...पाणी.

तपासनीस : पाणी!

बागवाले : स्वच्छ असतं. गाळून घेतो.

तपासनीस : पाणी मारायला परवाना लागत नाही. मग नूतनीकरणाचा अर्ज कशाला? सत्तरी उलटल्यावर परीक्षा देऊन?

बागवाले : नव्वद गुण पडले.

तपासनीस : विषय बदलू नका.

बागवाले : बाई, कलम नऊ काय सांगतं? परवानाधारकानं फवारणीच्या आदल्या दिवशी लगतच्या प्रत्येक घरी समक्ष जाऊन सूचना द्यावी.

तपासनीस : पाठ आहे मला.

बागवाले : मलाही. हिला जाऊन चार वर्षं झाली. नुसताच कुणाकडे गेलो, तर लोक दारातच विचारतात, ‘काय काम काढलंत?’ आता काम कुठून काढू? परवाना खिशात असला की काम असतं. ‘उद्या फवारणी आहे, खिडक्या लावा, कपडे आत घ्या.’ मग तेच विचारतात, वास येईल का, मांजराला काही होईल का. मांजरावर तर एकदा अर्धा तास निघाला.

तपासनीस : सगळेच बोलतात?

बागवाले : वरच्या घरातल्या मास्तरीणबाई सोडून. त्या दारच उघडत नाहीत. खिडकीतून ‘बरं’ म्हणतात आणि खिडकी फटकन बंद. एक्केचाळीस वेळा ‘बरं’. मिळेल तेवढं गोड मानून घेतो.

तपासनीस : परवाना संपून तीन आठवडे झाले. त्यानंतर गेला होतात?

बागवाले : छे! बेकायदा कसा जाणार?

तपासनीस : वहीत खोट्या नोंदी चालतात, आणि हे नाही?

बागवाले : वहीला कुठे डोळे असतात? सूचना माणसाच्या तोंडावर द्यायची असते.

(ती फाइलमधून एक कागद काढते.)

तपासनीस : तुमच्याविरुद्ध तक्रार आहे. म्हणून काल आले होते.

बागवाले : पाण्याबद्दल?

तपासनीस : वाचते. ‘शेजारील बागमालकांनी गेले तीन आठवडे फवारणीची सूचना दिलेली नाही. फवारणी बंद असल्यास ती का बंद आहे, आणि मालकांची प्रकृती ठीक आहे ना, याची चौकशी व्हावी.’ खाली सही. वरचं घर.

बागवाले : मास्तरीणबाई?

तपासनीस : अक्षर तरी तसंच आहे. एक खाडाखोड नाही.

बागवाले : ...प्रकृती ठीक आहे म्हणून कळवा त्यांना.

तपासनीस : मी नाही कळवायचं. ज्याच्यावर तक्रार, त्यानं समक्ष जाऊन खुलासा द्यायचा आणि ‘समाधान झालं’ अशी तक्रारदाराची सही आणायची. ती आली की परवान्याचं बघू. आणि वहीत औषधाच्या रकान्यात ‘पाणी’ लिहा. एक्केचाळीस वेळा.

बागवाले : पाण्याचंही सांगायचं त्यांना?

तपासनीस : खुलासा म्हणजे सगळंच आलं.

बागवाले : आणि समाधान नाही झालं तर?

तपासनीस : तर पुन्हा जायचं.

बागवाले : किती वेळा?

तपासनीस : नियमात आकडा दिलेला नाही.