उष्टा धूर

मिस्त्री : आजी, तुम्ही जरा त्या खुर्चीत बसा. मी साहेबांशी बोलून घेतो.

बाई : आजी मी माझ्या नातवंडांची आहे. तुम्ही मला बाई म्हणा. आणि ही गाडी मी चालवते, तेव्हा तिचं दुखणं मलाच विचारा. हा माझा थोरला. हा ती विकायला आला आहे.

थोरला : आई, असं काय बोलतेस! आपलं ठरलंय ना? इंजिन गेलं असेल, तर संध्याकाळी तो माणूस येऊन गाडी घेऊन जाईल. आणि या वयात तू परत दुसरी...

बाई : आणि इंजिन शाबूत निघालं, तर किल्ली माझ्या पर्समध्ये राहील आणि हा विषय तू पुन्हा काढणार नाहीस. अर्धाच ठराव वाचून दाखवू नकोस.

मिस्त्री : बरं बाई, बोला. काय होतंय?

बाई : सिग्नलला उभी राहिली की थरथरते. पाय दिला की आधी विचार करते, मग काळा धूर सोडते आणि मग निघते. मागचे स्कूटरवाले माझा जो उद्धार करतात, तो मी इथे उच्चारणार नाही.

थोरला : शिवाय तो पिवळा दिवा. आधीच्या गॅरेजवाल्याने मशीन लावलं. ईजीआर व्हॉल्व्ह म्हणाला, टर्बोही गेला असेल म्हणाला. म्हणाला, फुंकून टाका एकदाची.

मिस्त्री : मशीन लावायला काय, माकडही शिकेल. मशीन एवढंच सांगतं, रडण्याचा आवाज कुठल्या खोलीतून येतोय. चिमटा कोणी काढला, ते आत जाऊन बघावं लागतं. त्यासाठी मी.

बाई : तुम्ही फार बोलता, पण बरं बोलता. हा व्हॉल्व्ह करतो तरी काय?

मिस्त्री : झडप असते ती. बाहेर निघालेला धूर थोडासा परत इंजिनात सोडते. त्यानं आतली आग जरा निवते, बाहेर विष कमी जातं.

बाई : म्हणजे माझी गाडी स्वतःचा उष्टा धूर गिळते?

मिस्त्री : उष्टाच! पण बेतानं. जोर लावायची वेळ आली, की झडप मिटायला हवी, म्हणजे ताजी हवा पोटभर मिळते. तुमची उघडीच अडकली असेल, तर चढावरसुद्धा ताटात उष्टंच.

थोरला : 'असेल तर'? म्हणजे नक्की नाही?

मिस्त्री : साहेब, तुम्हाला लग्नाआधी कोणी नक्की सांगितलं होतं का काही? थांबा जरा. आधी हवेचा पाइप. तो फाटला तरी अस्साच धूर येतो... पाइप ठणठणीत. टर्बोचा दांडाही डुगडुगत नाही. त्याची श्रद्धांजली मागे घ्या.

थोरला : मग राहिलं इंजिन.

बाई : तुझ्या आवाजात एवढी आशा नको.

मिस्त्री : गप बसा दोघं. आता मशीनवरून झडपेला हुकूम देतो. उघड!

बाई : टक् वाजलं.

मिस्त्री : म्हणजे मोटर जिवंत. आता, मिट!

बाई : अर्धंच वाजलं.

मिस्त्री : कान तिखट आहेत हो! हे बघा पडद्यावर. हुकूम पुरतं मिटायचा, आणि बाईसाहेब मध्येच अडून बसल्यात.

बाई : माझ्या थोरल्यासारखी. 'हो आई' म्हणायचं आणि हलायचं नाही.

[मिस्त्री झडप खोलून बाहेर काढतो.]

मिस्त्री : अगाई गं! हे काय साठवलंय?

बाई : एवढ्या काजळात सबंध गल्लीचे डोळे भरून होतील.

मिस्त्री : बाई, रागावू नका. गाडी उभ्या उभ्या चालू ठेवता का?

बाई : मी? तो रिकामी कढई तापवण्याचा प्रकार झाला.

थोरला : मी ठेवतो. रोज सकाळी. बॅटरी उतरू नये म्हणून.

मिस्त्री : किती वेळ?

थोरला : पेपर वाचून होईपर्यंत.

बाई : त्यातलं कोडंही सोडवतोस. लपवू नकोस.

मिस्त्री : आणि रस्त्यावर?

बाई : फाटकाला एक ओरखडा काय आला, मला फर्मान निघालं. तिसऱ्या गिअरच्या पुढे जायचं नाही, भाजीबाजाराच्या पुढे जायचं नाही.

थोरला : तू फाटकावर आपटलीस तेव्हा मी गच्चीत होतो, आई. काळजीनं सांगितलं होतं गं.

मिस्त्री : त्या काळजीचीच काजळी झाली, साहेब. इंजिन कधी नीट तापलंच नाही. डिझेलला अधूनमधून मोठ्या रस्त्यावर पळवावं लागतं.

थोरला : म्हणजे इंजिन...

मिस्त्री : इंजिनाला काही धाड भरलेली नाही. घासून झडप परत बसवतो. नाहीतर असं करू का? पत्रा ठोकून ही वाट कायमची बंद करतो. पुन्हा कटकट नाही.

बाई : आणि माझ्या गाडीचं विष लोकांच्या पोरांनी हुंगायचं? आपला केर दुसऱ्याच्या दारात लोटायची मला सवय नाही. झडप घासा, नीट बसवा आणि पुन्हा हुकूम देऊन दाखवा.

मिस्त्री : तुम्हीच द्या हुकूम. झडप काय, मीच मिटेन.

[झडप घासून बसते आणि या वेळी हुकमासरशी पुरती मिटते.]

थोरला : आई, किल्ली इकडे दे. घरापर्यंत मी...

बाई : ठराव आठव. त्या बाजूने बस. फाटकावर आपटले तेव्हाही गच्चीतून बघत राहण्यापेक्षा शेजारी बसायचं होतंस. पट्टा लाव.

थोरला : लावला.

बाई : फोन वाजतोय तुझा. उचल.

थोरला : हॅलो... हो, मीच. नाही, संध्याकाळी नका येऊ. नाही हो, किमतीचा प्रश्न नाही. गाडी... आई चालवते ती.

बाई : नीट सांगितलंस. मागे बघ, धूर येतोय का?

थोरला : नाही. चौथा टाकलास?

बाई : पाचवा.

थोरला : आई... आपलं वळण मागे राहिलं.

बाई : माहीत आहे. अजून इंजिन पुरतं तापलेलं नाही.