मेघाची हळद

हॅलो? हॅलो… मुक्ता? मी मनकर्णा बोलायले. अगं शेजारची मनकर्णा, दुसरी कोण?

…व्हय, भिंतीपलीकडूनच. येणार होते, पण तुझ्या दारात यायची भीती वाटायली.

…कशाची म्हणजे? तुझी सून आत्ता डबा ठेवून गेली. मी सकाळी दिलेला, शंकरपाळ्यांचा. झाकण बी नाय उघडलं. म्हणे, "आईनं सांगितलं, राहू द्या." तुझ्या मेघाच्या लग्नाचा खाऊ कुणी परत धाडतं व्हय?

…आं? थांब, विमान चाललंय डोक्यावरून. या चिकलठाण्यात धड बोलता बी येत नाय… हां, गेलं. बोल.

…तुझा उंबरा? कुणाला जड झाला?

…मला?

…थांब गं. "मनकर्णाबाई" कामून म्हणायलीस? सकाळपर्यंत अक्का होते ना मी?

…हो. हो, दारातच उभी होते. …हो, चहा बी नको म्हणाले. …ऐकते. बोल तू, बोल सगळं.

…अगं माय! तसं नाय गं! ऐक ना… मुक्ता, अगं ऐक तरी! तुम्ही बौद्ध म्हणून मी बाहेर थांबले, असं वाटलं तुला? मागच्या उन्हाळ्यात नळ आटला तवा कुणाच्या माठातलं पाणी पीत होते मी?

…मग आजच कामून? …सांगते. जीभ वळंना झालीय, पण सांगते.

आत हळद चालली होती. मेघा पाटावर, भवती सगळ्या सवाष्णी. अन् मी अशी.

…"अशी" म्हणजे विधवा बाई! आमच्या बद्रीनाथचा बाप गेला तवापासून कुणाच्या हळदीत पाय नाय टाकला मी. आमच्यात नाय चालत. पोटच्या पोरीची, सोनियाची हळद होती, तर भावजय म्हणाली, "वन्सं, तुम्ही आत पुऱ्या लाटा." लाटल्या. बाहेर पोरी हसायच्या, गाणी म्हणायच्या, अन् मी आपली लाटतच होते. माझी सोनिया पिवळी कशी दिसली, ते मला ठाव नाय गं.

…नाय, रडत नाय. कांदा चिरायले.

…बरं, रडायले.

म्हणून थांबले दारात. आत आले असते तर मेघा पाया पडली असती. पुढं तिच्या संसारात काही इकडचं तिकडं झालं असतं, तर मी जन्मभर स्वतःला कोसलं असतं. लई जीव आहे गं माझा तिच्यावर. पण तुझ्या काळजाला असं लागंल, हे डोक्यातच नाय आलं. चुकलं माझं.

…मुक्ता? …हॅलो? …आता तू कामून रडायलीस? नवरीची आई ना तू, उद्या फोटोत डोळे सुजलेले दिसतील.

…काय? …तुमच्यात नाय असं काही? …तुझ्या सासूनं? त्या विधवाच होत्या ना? …अन् तुला पहिली हळद त्यांनीच लावली? सगळ्यांसमोर?

…नको गं, मला सवय नाय. पाव्हणे काय म्हणतील… अन् तुझे मालक, सर्जेराव? …तेच म्हणाले, बोलाव? …अगं, कुणाला देतीस फोन?

…हां मेघा. बोल बाळा. …अजून अंघोळ नाय केलीस? अंगावर हळद सुकून गेली असंल की. …आईशी भांडून बसलीस? कशापायी?

…माझ्यासाठी?

…माझ्या हातानं? नको गं माय, मी कशी लावू हळद…

…ए, नाय, नाय! तू येऊ नको! हळदीची पोर अशी उंबऱ्याबाहेर पडत नसते. थांब तिथंच.

…मी येते. व्हय… आत येते. ठेव.