घुटीत काय दिलं?

छप्पन साली मध्य प्रदेशाची राजधानी नागपूरहून भोपाळला गेली आणि बुऱ्हाणपूरच्या दवाखान्यातले जुने मराठी डॉक्टर नागपूरला. नवे हिंदीवाले, त्यांना मराठी येत नव्हती. बाकावर पाळीची वाट पाहणाऱ्या सुलभाताईंच्या शेजारी एक सासू-सून बसल्या होत्या. सुनेच्या मांडीवर तिचा तान्हा मुलगा लोटू निपचित पडला होता.

"आत्याबाई, हा डोळेच उघडत नाही."

"पोटातला वात गेला, आराम पडला. निजू दे त्याले."

"डॉक्टर इचारतीन, काय दिलं म्हणून."

"ओव्याचं पाणी सांग. बेंबीवर हिंग सांग. ओव्याले तर हे नवे बी हो म्हणतात. अफूचं नाव काढू नको."

"अफू?"

"हळू बोल! सकाळी घुटीत जराशी उगाळली मी. तुह्या नवऱ्याले असंच वाढवलं."

"सकाळीच?"

"तोंड काहून असं केलं?"

"तुमी पाण्याले गेल्या, तवा हा लई रडत होता. तुमच्याच डबीतली मी बी देल्ली."

आतून हाक आली, "अगला!"

पाळी सुलभाताईंची होती. त्यांनी सुनेला हाताला धरून उठवलं. पण सासूनं आधीच दार ढकललं होतं.

"साब, अफीम! बच्चे को दो बार दिया. दोनों बार मैंने दिया!"