दोन सेकंदांचे अण्णा

कानिफनाथ : मावशी, बोट काढा काचेवरून. टीव्ही आहे तो, डाग पडतात.

सुमनबाई : पडू द्या. ह्ये बगा, इथं! ह्या कोपऱ्यातनं आल्ते जयूचे अण्णा. गेले बगा. जरा मागं घ्या.

कानिफनाथ : मागं घेतो, पण पॉज करायचं नाही आता. नुसत्या रेघा नाचतायत तोंडावर. मला एक कळत नाही, तीन तासांची कॅसेट कशी चकाचक आहे आणि एवढीच जागा घासलीय! किती वेळा थांबवली इथं?

सुमनबाई : न्हाई थांबवली.

जयमाला : आई.

सुमनबाई : थांबवली असंल चार-दोन येळा.

जयमाला : चार-दोन? कानिफदादा, अण्णांना जाऊन वर्ष होत आलं. दर रविवारी ही शेजारच्या सहादेवकडून व्हीसीपी मागून आणते. तुम्ही काढलेली माझ्या लग्नाची कॅसेट लावायची, पळवत पळवत पाठवणीपाशी आणायची आणि थांबवून बघत बसायचं. भाजी करपली तरी पत्ता नसतो. मी पारनेरला दवाखान्यात ड्युटीवर, हिला सांगणार कोण?

सुमनबाई : मग काय करू? घरात मानसाचा एक धड फोटू न्हाई. मतदानाच्या कार्डावर हाय, त्यो समदा काळा. नाक कुटं अन् डोळं कुटं, कळत न्हाई.

कानिफनाथ : अहो, पॉज केलं की टेप जागच्या जागी घासते. जेवढं बघत बसलात, तेवढं पुसलं गेलं.

सुमनबाई : म्हंजे मीच पुसलं व्हय त्यांना?

कानिफनाथ : तसं नाही म्हणालो मी.

सुमनबाई : तसंच म्हनाला. अन् खरंच हाय. भाऊ, कुनाला सांगितलं न्हाई, आज सांगते. मला त्यांचं तोंड आठवंना झालंय. चाल आठवती, आवाज आठवतो, खोकला सुदिक आठवतो. तोंड आनाया गेलं की ते कार्डावरचं काळं म्होरं येतं. सत्तावीस वर्सं संसार केला अन् तोंड आठवंना! लाज वाटती मला.

जयमाला : आई, हे मला कधी बोलली नाहीस.

सुमनबाई : तुला काय बोलायचं? येत्या रविवारी त्यांचं वर्साचं पुण्यानुमोदन हाय. भन्ते येनार, भावकी येनार. हार कशाला घालू? कार्डाला?

जयमाला : दादा, तुमच्याकडे मूळ कॅसेट असेल ना? ज्यावर शूटिंग केलं ती?

कानिफनाथ : नाही गं. मिक्सिंग झालं की मूळ कॅसेटवर पुढचं लग्न घ्यायचो. त्र्याण्णव सालात सगळे तेच करायचे. तुझ्या लग्नावर कुणाचं लग्न चढवलं, तेही आठवत नाही. मारा मला चार.

जयमाला : आणि तीन तासांत माझे अण्णा दोन सेकंद! नवरीचा बाप! पाहुण्यांची बुंदी खाणारी पोरं दहा-दहा मिनिटं दाखवलीत तुम्ही.

कानिफनाथ : ते लाईट धरून उभे होते, दिसणार कसे? माझा लाईटवाला भिमाजी ऐनवेळी आला नाही.

जयमाला : म्हणून तुम्ही त्यांच्या हातात दिलात?

कानिफनाथ : मी दिला नाही, त्यांनी घेतला! म्हणाले, "आन हिकडं. माज्या पोरीच्या तोंडावर उजेड मी धरतो." तो हॅलोजन म्हणजे तापलेला तवा. पोरं दहा मिनिटांत हात बदलायची. तुझ्या अण्णांनी, कचरूदादांनी, वंदनेपासून पाठवणीपर्यंत सोडला नाही. हात भाजला तरी "धरलाय की, तू घे तुझं शूटिंग."

सुमनबाई : फोड आल्ता तळहाताला. पंक्तीच्या येळंला मीच फडकं बांदलं.

जयमाला : धरला, कबूल. पण पाठवणीला तरी यायचं होतं ना जवळ? मी आईच्या गळ्यात पडून रडतेय. राहीबाईमावशी आली, काकू आली. मान वर केली तर अण्णा आपले लाईट धरून उभे. कॅसेटमध्ये काय, आले, हात हलवला, गेले. मी त्यांना कधी बोलले नाही, पण सहा वर्षं माझ्या मनात आहे ते. लागलं होतं मला.

कानिफनाथ : बरं, आता ऐका. मागच्या महिन्यात पुण्याहून एक कार्ड आणून ह्या कॉम्प्युटरला बसवलंय. व्हीसीआरमधून कॅसेट ह्याच्यात ओढून घ्यायची, मग तिचे सुटे सुटे फोटो पाडायचे. एका सेकंदाचे पंचवीस पडतात.

सुमनबाई : एका शेकंदात पंचवीस फोटू? काय सांगता!

कानिफनाथ : म्हणजे कचरूदादांचे पन्नास. सगळ्यांवर सारख्या रेघा नसणार, एखादा बरा निघेल. पण टेप त्या जागी फार पातळ झालीय. एकदाच चालवणार मी. तुटली तर तुटली, मग माझ्या नावानं बोटं मोडायची नाहीत.

जयमाला : नको मग. आहे तेवढं तरी राहू दे.

सुमनबाई : काय ऱ्हानार हाय? दर रविवारी मीच जरा जरा पुसतीय. त्यापरीस एकदाच काय ते हू द्या. चालवा भाऊ.

कानिफनाथ : नक्की?

सुमनबाई : चालवा म्हनते ना! माजा धीर सुटायच्या आत चालवा.

(कॅसेट फिरू लागते. थोड्या वेळाने खर्रकन आवाज येऊन थांबते.)

कानिफनाथ : खाल्ली! टेप खाल्ली ह्या व्हीसीआरनं!

सुमनबाई : अगं बया! आले का पर ते आत?

कानिफनाथ : थांबा, थांबा. बघू द्या. माऊसला हात लावू नको जयू. पाठवणी... आईच्या गळ्यात... पुढं तू गाडीत बसतेस... आले! मावशी, आले. तिथून पुढं अडकलीय.

सुमनबाई : बसते मी जरा. हितनं नीट दिसंल.

कानिफनाथ : बसा. आता एकेक बघू. हा पहिला, नुसत्या रेघा. दुसरा तसाच. हा सातवा, खांदा आला.

सुमनबाई : त्यांचाच सदरा हाय. जयूच्या लग्नाला शिवल्ता. पुना कदी घातला न्हाई, इस्त्री मोडंल म्हनून.

कानिफनाथ : चौदा. हे काय, डोळ्यांवर आडवा हात घेतलाय.

जयमाला : का?

कानिफनाथ : लाईट तोंडावर आला ना! नवरदेवाच्या मामाकडं, आप्पासाहेबांकडं दिला होता क्षणभर. त्या भल्या माणसानं सरळ दादांच्या तोंडावर मारला. वीस... पंचवीस... इथं हात खाली येतोय. तीस.

जयमाला : थांबा. माझ्या डोक्यावर हा हात कुणाचा?

कानिफनाथ : कुठं? हां. ह्या गर्दीतनं आलाय.

जयमाला : राहीबाईमावशीचा. पाठीमागून कुणीतरी केसांवरून हात फिरवला होता, आठवतंय मला. मावशीच होती.

सुमनबाई : राही कोपरापातूर हिरव्या बांगड्या घालून आल्ती. ह्या हातात बांगडी हाय का? नीट बग जयू. फडकं बांदलंय त्याला.

जयमाला : फडकं?

सुमनबाई : माज्या जुन्या लुगड्याचं. निळ्या काठाचं. मी बांदल्यालं.

जयमाला : अण्णा...

कानिफनाथ : चालू कॅसेटमध्ये वाटायचं, नुसता हात हलवला. ही रेघ नेमकी तिथंच नाचायची.

जयमाला : मी वर बघितलंच नाही. बघितलं तेव्हा ते परत लाईटपाशी गेले होते. सहा वर्षं मी त्या माणसावर रुसून बसले, आई.

सुमनबाई : रड. रड जरा. पर भाऊ, तुमी थांबू नका. म्होरं जावा.

कानिफनाथ : अडतीस, फाटलाय. एकोणचाळीस, तोही फाटलाय. चाळीस. आणि हा... मावशी, इकडं बघा.

सुमनबाई : सरका जरा. जवळनं बगू द्या.

कानिफनाथ : बघा. हेच ना?

सुमनबाई : हां. असंच. असंच तोंड हुतं. अन् ह्यो म्होरला अर्धा दात! ऊस सोलताना गेल्ता. ह्यो दात मी इसरलेच हुते की! कसं इसरले?

कानिफनाथ : तोंड उघडं आहे म्हणून दिसला. बोलतायत काहीतरी. आवाज नाही, मी तिथं मिक्सिंगमध्ये सनई टाकली होती. तेही माझंच कर्म.

सुमनबाई : मी शेजारीच हुते, ऐकलंय मी. आप्पासाहेबाला म्हनत्यात, "माज्यावर नको हो, पोरीवर धरा."

जयमाला : असं म्हणाले?

सुमनबाई : तेच म्हनाले. अन् त्याला जमंना म्हनून पुना सोता जाऊन धरला.

कानिफनाथ : एक्केचाळिसावा हा. रेघ आहे, पण खाली, खांद्यावर. हाच घेऊ. फक्त तोंड उघडं राहतंय. रविवारी लोक म्हणतील, हार घातलेला माणूस बोलतोय.

सुमनबाई : बोलू द्या. लई दिस झालं बोलून.

कानिफनाथ : मग असं करतो. जयूला बाजूनं कापून टाकतो, एकट्या दादांचं तोंड मोठं घेतो. आणि चेहरा अजून जरा उजळ करतो.

जयमाला : कापू नका. डोक्यावरचा हात जाईल.

सुमनबाई : अन् त्यांना उजळ बी करू नका भाऊ. उजेड पोरीवरच ऱ्हाऊ द्या. सांगत्यात ना ते.