वजा करायचा आकडा

(राहनाळचं एक गोदाम. शनिवार, जेवणाची सुट्टी. सुपरवायझर धम्मपाल, त्याची बायको सुवर्णा आणि सातवीतली जागृती. पार्सल तोलायच्या काट्यावर दहा महिन्यांची दिना.)

सुवर्णा : सात अठरा... नाही, सहा नव्वद... अहो, हा काटा ठरत का नाही?

धम्मपाल : पोरगी ठरंल तवा काटा ठरंल. बघ कशी लाथा झाडते. ए दिनाबाई, गप पड की जरा.

सुवर्णा : गार लागतंय तिला पत्र्यावर. खाली ओढणी घालते.

जागृती : आई, मग ओढणीचंही वजन येईल ना!

धम्मपाल : टेअर मारायचं. ओढणी ठिवायची, हे बटण दाबायचं, की शून्य. रिकाम्या खोक्याला आम्ही तसंच करतो.

सुवर्णा : अंगणवाडीत झोळी वजा केली असेल का हो? मागच्या महिन्यात सात दोनशे, परवाही सात दोनशे. एकदा झोळी धरली असेल आणि एकदा नसेल तर? आणि मागच्या वेळी तिच्या अंगात स्वेटर होता. निळा. आठवतोय?

धम्मपाल : मी ड्युटीवर हुतो.

सुवर्णा : डॉक्टर काय म्हणाले ते तरी आठवतंय ना? सोमवारी वजन पुढे सरकलेलं दिसलं नाही तर ठाण्याला पाठवणार. अ‍ॅडमिट. एवढ्याशा हातातून रक्त काढणार. मला सोमवारपर्यंत धीर धरवत नाही.

धम्मपाल : म्हणून तर आणलं ना हितं. पण उरक. पडघ्यावरनं गाडी निघालीय. यादवजी, गेट पे देखना जरा! साहब आए तो आवाज देना!

जागृती : आई, ऐक ना. हलणाऱ्याचं असं घेतच नाहीत. विज्ञानाच्या बाईंनी सांगितलंय. आणि किलोग्रॅममध्ये असतं ते वजन नाही, वस्तुमान.

सुवर्णा : वस्तुमान म्हण नाहीतर काहीही म्हण. वाढलंय का ते सांग.

जागृती : मग तू तिला कडेवर घेऊन वर उभी राहा. नंतर एकटी. मोठ्यातून छोटं वजा.

सुवर्णा : कडेवर गप्प बसते, ते खरं. अहो, धरा मला, हे डुगडुगतंय.

जागृती : बाबा, हात काढा! तुम्ही धरलंत की आकडा बदलतो.

धम्मपाल : काढला, हेडमास्तरीणबाई.

जागृती : शेहेचाळीस ब्याऐंशी. थांबला! बाबा, दिनाला घ्या आता. आई, तू उतरू नको... एकोणचाळीस चव्वेचाळीस.

सुवर्णा : मग किती? जागृती, लवकर!

जागृती : करतेय ना, घाई नको करू. सात... सात अडतीस. सात किलो तीनशे ऐंशी ग्रॅम.

सुवर्णा : पुन्हा कर.

जागृती : तेच येतंय.

सुवर्णा : दोनशेचे तीनशे ऐंशी? अहो, काटा किती ग्रॅमनं सरकतो? शंभरानं सरकत असेल तर त्याला काही अर्थ नाही.

धम्मपाल : विसानं. थोडं हिकडं तिकडं, जास्त न्हाय.

सुवर्णा : आणि पोटात दूध असेल तिच्या. निघताना पाजलंय मी.

धम्मपाल : आता दूध पण वजा कर! वाढलीय पोरगी, सुवर्णा. बघ, माझं आयकार्ड कसं ओढते. गळा आवळंल माझा.

सुवर्णा : वाढलीय. वाढलीय ना? थांबा, मला आधी खाली उतरू द्या.

जागृती : आई, पण तू एकोणचाळीस?

सुवर्णा : काय एकोणचाळीस?

जागृती : किलो. परवा शाळेत आमचं घेतलं ना, माझं अडतीस भरलं.

धम्मपाल : काटा चुकला असंल.

जागृती : मग दिनाचंही चुकलं.

सुवर्णा : नाही! दिनाचं चुकलेलं नाही.

धम्मपाल : थांबा दोघी. हा खोका सीलबंद हाय. छापलंय बघ वर, दहा किलो दोनशे, खोक्यासकट. ठिव गं.

जागृती : दहा... दहा वीस. म्हणजे दहा किलो दोनशे. बरोबर दाखवतोय, बाबा.

धम्मपाल : सुवर्णा.

सुवर्णा : अहो, त्या आकड्याचं काय घेऊन बसलात? तो नुसता वजा करायला होता. द्या तिला इकडे. गाडी येईल तुमची.

धम्मपाल : यिऊ दे गाडी. सकाळी काय खाल्लंस?

सुवर्णा : खाल्लं की. हिला भरवलं, मग जागृतीचा डबा, मग तुमचा... मग खाल्लं असेलच काहीतरी. दर वेळी लक्षात राहतं का?

धम्मपाल : आन् काल?

सुवर्णा : तुम्ही काय डॉक्टर आहात? चला, जागृती, दप्तर घे.

जागृती : चप्पल काढ आणि वर ये, आई. मघाशी तू चपलेसकट होतीस.